बर्फवाले देव आणि तळेघरची गाडी

सिकंदर, त्या बाजाराच्या दिवशी मी माईकवर खोटं बोललो. चुकून नाही, समजून-उमजून. पुस्तकात काय लिहिलंय ते मला माहीत होतं. टीव्हीच्या काचेवर चाललंय ते त्याच्या उलट आहे, हेही माहीत होतं. तरी मी काचेवरचंच खरं म्हणून सांगितलं, कारण ते ऐकून शेडमधली माणसं गप्प झाली होती, आणि माणसं गप्प झाली की मला माझाच आवाज आवडायला लागायचा. तुला यात नवीन काही नाही. तू तिथेच होतास, व्हीसीआरशेजारी, कानाला मफलर गुंडाळून. पण मी हे इतक्या सरळ कधी कबूल केलं नव्हतं. तू होतास तोवर तर नाहीच.

तुला जाऊन महिना होत आला. चाळीसाव्याला शमीमभाभींनी जुन्नरला बोलावलंय. तिथे सगळ्यांच्यात बसल्यावर मला काही बोलता येणार नाही, म्हणून आधी लिहून काढतो. तूच म्हणायचास, "मास्तर, तू बोलतो लई चांगला, पण कबूल करायची येळ आली की तुझा आवाज बसतो." बसतोच.

घोडेगावच्या एसटी स्टँडमागची तुझी पत्र्याची शेड आता नाही. तिथे मोबाईलचं दुकान झालंय. नव्वदीच्या सुरुवातीच्या त्या वर्षांत मी गावातल्या हायस्कुलात इंग्रजी शिकवत होतो आणि बाजाराच्या दिवशी शाळा सकाळची असायची. दुपारी मी तुझ्याकडे यायचो. खिडक्यांना बारदान, उंच टेबलावर रंगीत टीव्ही, खाली व्हीसीआर आणि जुन्या रेडिओचे भाग जोडून तू स्वतः बनवलेला अँप्लिफायर. एक भोंगा आत, एक बाहेर. तुझ्याकडे इंग्रजी पिक्चरच्या टेपा यायच्या आणि त्या कुणाला कळायच्या नाहीत, म्हणून मी उलट्या खोक्यावर माईक घेऊन बसायचो आणि काचेवर चाललेलं मराठीत सांगायचो. निम्मं समजून, निम्मं बनवून.

ऐकायला बसायची ती बहुतेक डोंगरातली माणसं. तळेघर आणि त्याच्या पलीकडच्या वाड्यांमधली. सकाळच्या गाडीने हिरडा नाहीतर नाचणी घेऊन खाली उतरायची, बाजार उरकायची, आणि संध्याकाळची गाडी लागेपर्यंत तुझ्या सावलीला यायची. म्हणून तुझा एक नियम होता. स्टँडवरून तळेघरच्या गाडीचा हॉर्न दोनदा वाजला की टीव्ही बंद. हीरो कड्याला लटकत असला तरी बंद. कुणी कुरकुरलं तर म्हणायचास, "पिक्चर परत लागंल, राव. यष्टी न्हाई लागायची." आणि पुढच्या बाजारी नवा पिक्चर सुरू करायच्या आधी मला माईक द्यायचास, मागच्याचा राहिलेला शेवट सांगायला. "उरलेला सांग," एवढंच म्हणायचास. जी माणसं अर्ध्यावर उठून गेली त्यांचं आपण देणं लागतो असं तुझं म्हणणं होतं. मला कधी शेवट आठवला नाही तर मी नवा बनवायचो. मग तू माईकवर हात ठेवून कानाशी यायचास. "मास्तर, हा मागल्या बाजारी मेला व्हता ना? मग आज त्याचं लगीन कसं?"

त्या पिक्चरच्या टेपेवर नाव नव्हतं. तू पेनाने लिहिलंस, 'बर्फवाले देव'. मी सुरुवातीचा थोडा भाग पाहिला आणि मला आनंदच झाला, कारण त्या देवांची गोष्ट मला ठाऊक होती. कॉलेजात असताना पुण्यात फूटपाथवर घेतलेलं एक इंग्रजी पुस्तक माझ्याकडे होतं. नॉर्वे, आइसलँड या बाजूच्या जुन्या लोकांच्या पुराणकथांचं. मधली पानं सुटलेली, पण पाताळाचा भाग पुरता शाबूत. चहाच्या हॉटेलात बसून मी तुला तो वाचून दाखवायला लागलो आणि तू असा काही ऐकायला लागलास की चहा निवून जायचा.

तुला त्या पाताळाची एवढी ओढ का, हे मी विचारलं होतं. तू हसलास. "तुमी धूर होऊन वर जाता, मास्तर. आमाला जमिनीखालीच जायचंय. खाली काय काय असतं ते माहीत असलेलं बरं."

म्हणून मी तुला सांगितलं की त्या लोकांच्या पाताळाची मालकीण एक बाई आहे, तिचं नाव हेल. अर्धं अंग जिवंत माणसासारखं, अर्धं काळंनिळं. मोठ्या देवाने तिला लहानपणीच खाली ढकलून दिलं आणि सांगितलं, जे लढाईत मरतील ते वर माझ्याकडे, जे आजाराने किंवा म्हातारपणाने मरतील ते तुझ्याकडे. येतील त्यांना जागा द्यायची. मी हे भयंकर म्हणून सांगत होतो. तुला ते भयंकर वाटलंच नाही.

"म्हंजी निम्मी जित्ती, निम्मी मेलेली," तू म्हणालास. "बराबर हाय. दारावर बसणाऱ्या बाईला दोनी बाजूचं कळाय पायजे."

"आणि जागा द्यायची म्हणजे?"

"म्हंजी सिस्टरबाईचं काम. वरच्यानी पैलवान निवडून घेतले, आजारी-म्हातारे हिच्या गळ्यात. मास्तर, या दोघांत मोठं काम कुणाचं?"

मी तुला हेही सांगितलं की तिच्या ताटाचं नाव भूक आहे आणि तिच्या घराबाहेर पाऊस पडतच राहतो. म्हटलं, अगदीच माहेर समजू नकोस. तू मान हलवलीस. "भीमाशंकराकडं पाऊस पडतोच की. माणसं ऱ्हातातच." आग मात्र त्या घरात कुठेच नाही. छळही नाही. थंडी, धुकं आणि शांतता. तिथे जायची वाट नऊ रात्रींची, अंधाऱ्या दऱ्यांतून, शेवटी नदीवर सोन्याने शाकारलेला पूल. आणि अंथरुणात येणाऱ्या मरणाला त्या भाषेत पेंढ्यावरचं मरण म्हणतात, हे मी सांगितलं तेव्हा तू कप खाली ठेवलास. आपल्याकडे वरच्या गावांत भाताच्या पेंढ्यावरच आजारी माणसाला निजवतात, हे तुझ्याही मनात आलं असणार.

बाल्डरची गोष्ट तर तू माझ्याकडून किती वेळा सांगून घेतलीस. सगळ्यांचा लाडका देव. तू त्याला बाळदेव म्हणायचास. त्याला इजा करणार नाही अशी शपथ जगातल्या सगळ्या वस्तूंनी घेतली, फक्त बांडगुळाला कुणी विचारलं नाही, आणि त्या बांडगुळाच्या फांदीनेच तो मेला. "आंब्यावरचं बांडगूळ काढायचा कंटाळा केला की असं व्हतं," तू म्हणाला होतास. तो हेलच्या घरी गेला तर तिथे त्याच्यासाठी बाकांवर सोनं पसरून ठेवलं होतं, पेय गाळून त्यावर ढाल झाकून ठेवली होती. हेल म्हणाली, सगळं जग याच्यासाठी रडलं तर परत पाठवीन. माणसं रडली, झाडं रडली, दगड रडले. गुहेतली एक म्हातारी तेवढी रडली नाही, आणि बाळदेव तिथेच राहिला.

या म्हातारीवरून आपण किती भांडलो. मी म्हणायचो, तिला रडू आलं नाही तर खोटं कशाला रडायचं, ती प्रामाणिक आहे. तू म्हणायचास, "तसं न्हाई. तिच्याकडं कुणी नीट गेलंच नसंल. निरोप्या बाहेरनंच वरडला असंल, रडा म्हणून. जवळ जाऊन सांगितलं असतं तर रडली असती." मी हसायचो. हे भांडण मिटलं नाही ते नाहीच.

तर तो पिक्चर. त्या पिक्चरवाल्यांनी हेलचं घर म्हणजे एक लाल गुहा केली होती. चारी बाजूंना जाळ, साखळीला बांधलेली माणसं किंचाळतायत, आणि सिंहासनावर शिंगांचा मुकुट घातलेली एक देखणी बाई खदाखदा हसतेय. तू हळूच म्हणालास, "मास्तर, हे पुस्तकात न्हाई." मला माहीत होतं. तू मला हेही सुचवलंस की चित्र काहीही असू दे, तू आपली खरी गोष्ट सांग. पण त्याआधीचा अर्धा तास माणसं कंटाळली होती. कुणी पिशवी बांधत होतं, कुणी बाहेर बघत होतं. आणि जाळ दिसल्याबरोबर सगळ्या माना वर झाल्या. मी माईक तोंडाजवळ घेतला आणि आवाज खोल केला. "जी माणसं लढून मेली नाहीत, जी अंथरुणात खितपत मेली, ती सगळी इथे येतात. बघा त्यांचे हाल. आता यांची सुटका नाही."

शेडमध्ये सुई पडली तर ऐकू आली असती. मी आणखी रंगवलं. साखळ्या, तहान, सगळं. आणि तेवढ्यात तळेघरच्या गाडीचा हॉर्न दोनदा वाजला. तू टीव्ही बंद केलास.

माणसं उठली. अनसूयाबाई दाराशी थांबली. तिची-आपली ओळख बाजारापुरती, हिरडा घेऊन यायची, पुढच्या रांगेत भिंतीला टेकून बसायची आणि विनोद झाला की सगळ्यांच्या नंतर हसायची. तिचा किसन, लग्नाला आलेला एकुलता एक मुलगा, भादव्यात काविळीने गेला होता. हे मला माहीत होतं, सिकंदर. तूच सांगितलं होतंस. बोलताना मला ते आठवलं नाही, एवढंच मी स्वतःच्या बाजूने म्हणू शकतो, आणि ते काही फार नाही.

ती म्हणाली, "गुरुजी, माझा किसन बी हातरुणातच गेला. त्यो बी तितंच असंल का?"

मी वायर गुंडाळत होतो. माझ्या डोक्यात अजून माणसं गप्प झाल्याची नशा होती. मी हसून म्हटलं, "आता पिक्चरमध्ये दाखवलंय म्हणजे असणारच की बाई."

मी गंमत केली असं मला वाटलं. ती हसली नाही. गाडी चुकेल म्हणून डोक्यावर गाठोडं ठेवलं आणि गेली.

तू माझ्या हातातून वायर काढून घेतलीस. "काय बोललास तिला?"

"अरे, बर्फातल्या देवांची गोष्ट ती. कोण खरं मानतंय?"

"रैवारी देवाची मालिका लागली की टीवीला हळदकुकू लावत्यात, हार घालत्यात. तू बघितलं न्हाईस? तिला काचंत दिसलं ते खरं. आन वर तू मास्तर. शिकलेला माणूस माईकवरनं बोलला."

"मग आता काय, पाया पडू तिच्या?"

"पुढल्या बाजारी उरलेला शेवट सांग. खरा. आन तिला समोर बसवून सांग, चुकलो म्हणून."

मी काय बोललो ते लिहायला आजही लाज वाटते. मी म्हटलं, रेडिओ दुरुस्त करणाऱ्याने मला पुराण शिकवू नये. टेप उलटी फिरवायला लावलीस, आणि ती फिरत होती तोवर तिच्याकडेच बघत राहिलास.

पुढच्या बाजारी मी आलोच नाही. भाजीच्या पालांमागे उभा राहिलो. बाहेरच्या भोंग्यातून तुझा आवाज आला. तू तोच पिक्चर परत लावला होतास आणि माईकवर स्वतः बसला होतास, तू, ज्याला चारचौघांत बोलायचं म्हटलं की घाम फुटायचा. "मंडळी, हे काचंत जाळ दाखवत्यात ना, त्याच्याकडं बघू नका. ते पिक्चरवाल्यांनी गिऱ्हाईकापायी लावलंय. खरं तिथं थंडी हाय. जरा तळेघरावानीच. एक बाई हाय, ती सगळ्यांना बसाय जागा देती." कुणीतरी हसलं. कुणीतरी ओरडलं, मास्तर कुठंय, मास्तरला बोलवा. तू सांगत राहिलास. सोन्याचा पूल, झाकून ठेवलेलं पेय, सगळं. माझ्यापेक्षा चांगलं सांगितलंस. मी पालामागे उभा होतो आणि मला हेवा वाटत होता, तेही लिहून टाकतो.

लागोपाठ तीन बाजार तू तोच पिक्चर लावलास. शेड रिकामी व्हायला लागली. ज्या एका बाईसाठी लावत होतास ती आलीच नाही. तिचा हिरडा शेजारणीकडून यायला लागला. मग एके दिवशी तू गाडी धरलीस आणि वर जाऊन आलास. आल्यावर हायस्कुलाच्या फाटकाशी मला गाठलंस. तीन आठवड्यांत आपण पहिल्यांदा बोललो.

"माझं ऐकत न्हाई ती. म्हणती, तुमी चांगलं माणूस हाय, म्हणून बरं वाटावं म्हणून सांगता. मास्तरनी सांगितलंय ते खरं. मास्तर, तुलाच जावं लागंल."

"बघू," मी म्हटलं.

हे 'बघू' मी बारा-तेरा वर्षं पुरवलं. आधी बदली झाली, नारायणगावला आलो. मग लग्न, मुलं, शाळेची कामं. केबल आल्यावर तुझी शेड बंद पडली, तू जुन्नरला घराशेजारीच टीव्ही दुरुस्तीचं दुकान टाकलंस. आपलं बोलणं पूर्ववत झालं, कारण तू राग धरणारा माणूस नव्हतास. आठवड्याला एकदा मी तुझ्या दुकानात यायचोच. ईदला शीरखुर्मा तुझ्याकडे, दिवाळीला करंज्या माझ्याकडे. माझ्या मुलीला सायकल तू शिकवलीस, मला वेळ नव्हता म्हणून. पण दर वेळी निघताना, मी चप्पल घालत असताना, तू विचारायचास, "गेलास का?" आणि मी म्हणायचो, "जाईन." त्यात टोमणा नसायचा. औषध घेतलंस का, असं विचारावं तसं विचारायचास. तेच मला जास्त लागायचं.

मधे एकदा केबलवर त्याच बर्फाळ देवांचा नवा पिक्चर लागला, हिंदीत बोलणारा. तू मला फोन करून बोलावून घेतलंस. दुरुस्तीला आलेल्या पाच टीव्हींवर तू तो एकदमच लावला होतास. आता सगळं कॉम्प्युटरवर केलेलं. हेलच्या घरात हिरवा धूर, सांगाड्यांची फौज, डोळ्यांतून ठिणग्या. पाचही काचांवर ती बाई एकदमच किंचाळली. तू सोल्डरिंगची गन खाली ठेवलीस.

"एवढी मशिनं आली, मास्तर, पण बाईचं घर अजून चुकीचंच दाखवत्यात."

"लोकांना तेच लागतं."

"लोकांना कुणी दुसरं दाखवून बघितलंय का?" मग थोड्या वेळाने म्हणालास, "यात बाईला एक सुदिक पाव्हणा चांगला भेटंना. सगळे तिला मारायलाच येत्यात."

आपण दोघं खूप हसलो. तुझं ते हसणं मला आठवतं, खोकल्यात संपणारं. तेव्हा तो नुसता खोकला आहे असंच वाटलं होतं.

मग तुझी किडनी, डायलिसिस, आणि शेवटचं वर्ष घरातल्या पलंगावर. पाय सुजलेले, पण जीभ तशीच. मी येऊन बसलो की म्हणायचास, "ये निरोप्या." एकदा भाभी चहा करायला आत गेल्या, तेव्हा तू माझ्याकडे सरळ बघितलंस.

"मास्तर, मी बी हातरुणातच जाणार. मला कुठं धाडतोस? जाळात का?"

तू मला टोचत नव्हतास, तुला खरंच गोष्ट ऐकायची होती. मग मी पहिल्यापासून सांगितली. दऱ्या, पूल, थंडी, बाकांवर अंथरलेलं सोनं, ढालीखाली झाकून ठेवलेलं पेय.

"ती दारू असंल."

"असेल."

"सरबत सांग. आपल्याला दारू चालत न्हाई."

मी सरबत सांगितलं. तू डोळे मिटून ऐकलंस. निघताना मी चप्पल घालत होतो आणि तू विचारलंस, आवाज अगदी बारीक, "गेलास का?" मी म्हटलं, "पुढच्या आठवड्यात. नक्की." तू मान हलवलीस. पुढच्या आठवड्यात तूच नव्हतास.

तुझ्या मयतीला अख्खी गल्ली होती. जुन्नरची, घोडेगावची, नारायणगावची माणसं. ज्यांचे रेडिओ तू फुकट जोडून दिलेस ती म्हातारी माणसं काठ्या टेकत आली होती. सगळे रडत होते. माझी मुलगी रडत होती. मी तीन मुठी माती टाकली आणि मला रडू आलं नाही. मी तिथे उभा राहून गुहेतल्या म्हातारीचा विचार करत होतो. इतकी वर्षं मी तिची वकिली का करत होतो ते मला तेव्हा कळलं.

चार दिवसांनी मी घोडेगावहून तळेघरची गाडी धरली. गाड्या अजून कमीच. तळेघरला उतरून पुढे वाडीपर्यंत चालत गेलो. भातं कापून झाली होती, खळ्यांवर झोडणी चाललेली. विचारत विचारत घर सापडलं. अनसूयाबाई ओट्यावर पेंढ्याच्या पेंड्या बांधत होती. वाकली आहे, पण ओळखलं पटकन.

"मास्तर ना तुमी? पिक्चर सांगायचात ते?"

मी हो म्हटलं. तिने आत बोलावलं, पोतं टाकलं, तांब्याभर पाणी आणलं. मला द्यायच्या आधी ती कोपऱ्यात गेली, ओंजळभर पाणी जमिनीवर ओतलं आणि मग तांब्या माझ्या हातात दिला. सारवलेल्या जमिनीचा तेवढाच तुकडा काळा पडला होता, मऊ, खोलगट. एका दिवसाच्या पाण्याने जमीन तशी होत नाही.

"हे काय, बाई?"

"किसनचं हातरूण हितं व्हतं," ती म्हणाली. "जाळात तहान लागत आसंल ना. तुमीच म्हनला व्हता. घरात पानी आलं की पयलं त्याला वतती."

मला तांब्या खाली ठेवता येईना आणि तोंडालाही लावता येईना.

तीच पुढे म्हणाली, "सिकंदरभाऊ आला व्हता मागं. त्यानी बी बघितलं. म्हनला, मास्तर येतील, त्ये सोता सांगतील. तवर वत. मग तवाधरनं वाट बघती."

तू हे पाहिलं होतंस, सिकंदर. फाटकाशी मला गाठलंस तेव्हा हे तुझ्या डोळ्यांसमोर होतं आणि तू मला सांगितलं नाहीस. सांगितलं असतंस तर मी दुसऱ्या दिवशी धावत गेलो असतो, तिच्या कीवेने नाहीतर माझ्या लाजेने. तुला मी तसा जायला नको होतो, माझी चूक मला कळून गेलेला हवा होतो. म्हणून तू तिला माझ्या नावाने शब्द दिलास आणि मला नुसतं विचारत राहिलास. मी दर वेळी जाईन म्हणायचो तेव्हा तुला हा कोपरा दिसत असेल. आणि तरी तू माझ्या मुलीला सायकल शिकवलीस, मला शीरखुर्मा वाढलास. हे मी कुठे ठेवू, मला कळत नाही.

सिकंदर गेला, हे मी तिला सांगितलं. तिने पदराने डोळे पुसले आणि विचारलं, "हातरुणात?" मी हो म्हटलं.

मग मी गोष्ट सांगितली. माईक नाही, आवाज खोल करणं नाही. तिच्या समोर जमिनीवर बसून. तिथे जाळ नाही, बाई, तो पिक्चरवाल्यांचा. पुस्तकात थंडी आहे, धुकं आहे. एक बाई आहे, ती आलेल्याला जागा देते. आजारी माणसं, म्हातारी माणसं, पेंढ्यावर गेलेली सगळी तिच्याकडे. कुणी छळत नाही. ती एकेक शब्दाला मान हलवत होती. तिच्या चेहऱ्यावरचं काहीतरी सैल होताना मला दिसलं आणि मला वाटलं, झालं, फिटलं.

तेवढ्यात ती थांबली. "थंडी हाय म्हनता?"

"हो."

"लई?"

मी काही म्हणायच्या आत ती गुडघ्यावर हात टेकून उठली, पेटीकडे गेली आणि एक गोधडी काढली. जुनी, धुतलेली, चौकोनांची. "त्याचीच हाय," म्हणाली, आणि ती त्या ओल्या कोपऱ्यावर अंथरायला वाकली.

तेव्हा मला रडू आलं. तुझ्यासाठी, तिच्यासाठी, मला काही कळेना. मी बारा-तेरा वर्षं तिच्याकडून पाणी ओतून घेतलं होतं, आणि आता पुढची वर्षं गोधडी घालून घेणार होतो. मी परत तेच करत होतो. खोटं सोडून पुस्तकातलं सांगत होतो इतकंच, पण बोलत होतो ठाऊक असल्यासारखा. मी उठून गोधडीचं दुसरं टोक धरलं आणि तिला थांबवलं.

"बाई," मी म्हटलं, "ती गोष्ट लांबच्या देशातल्या माणसांची आहे. त्यांनाही ठाऊक नव्हतं, त्यांनी आपली समजूत घातली होती. किसन कुठे आहे ते मला माहीत नाही. जाळात नाही आणि थंडीतही आहे की नाही, मला माहीत नाही. त्या दिवशीही माहीत नव्हतं. माणसं गप्प बसून ऐकत होती, त्याच्या हौसेपायी मी बोललो, आणि तुम्ही विचारलंत तेव्हा हसलो. यायला इतकी वर्षं लावली, सिकंदर सांगून सांगून गेला तरी आलो नाही. चुकलो मी. मला माफ करा."